न दिसणारं द्रव्य आणि दिसणारं भूत



खगोलशास्त्रावर बोलायला गावोगाव जाणं होतं आणि प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हटकून येतो. विचारणारा बहुधा कॉलेजातला असतो. ‘विश्वाचा पंच्याण्णव टक्के भाग कशाचा आहे हे शास्त्रज्ञांनाच ठाऊक नाही, असं तुम्ही आत्ता म्हणालात. मग भूत, आत्मा, अंगात येणं हे सगळं त्या पंच्याण्णव टक्क्यांत नसेल कशावरून?’ काही जण हसतात, काही टाळ्या वाजवतात. मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. त्यात एक तर्क आहे आणि तो नेमका कुठे घसरतो हे दाखवता आलं पाहिजे. ‘हे सगळं थोतांड आहे’ एवढंच वक्ता म्हणाला तर त्या मुलाला उत्तर मिळत नाही, तो फक्त गप्प होतो. म्हणून या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय संयोजकांनी विचारला तेव्हा मी हाच प्रश्न मागून घेतला.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. न दिसणारं द्रव्य आहे, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. पण ज्या गुणामुळे ते दिसत नाही, त्याच गुणामुळे ते भूत होऊ शकत नाही.

हे द्रव्य सापडलं कसं ते आधी पाहू. ‘शास्त्रज्ञांना कळेना म्हणून त्यांनी एक नाव देऊन टाकलं’ अशी समजूत बरीच पसरली आहे आणि ती खरी नाही. १९३३ साली कॅलिफोर्नियात काम करणारे स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी कोमा नावाच्या दीर्घिकासमूहाचा अभ्यास करत होते. हजारावर दीर्घिका एकमेकींच्या ओढीने बांधलेल्या. त्यांतल्या काहींचे वेग झ्विकींनी तपासले, तर ते इतके निघाले की समूह केव्हाच उधळून जायला हवा होता. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वस्तुमान त्याला धरून ठेवायला शेकडो पटींनी कमी पडत होतं. पुढे अंतरं अधिक अचूक मोजली गेली तेव्हा ही तफावत बरीच खाली आली, पण मिटली नाही. इथे न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे, असं झ्विकींनी लिहून ठेवलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं फार थोड्यांनी त्याकडे लक्ष दिलं.

मग व्हेरा रुबिन आल्या. पालोमारच्या वेधशाळेत अधिकृतपणे निरीक्षणाची परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, साल १९६५. केंट फोर्ड यांनी बनवलेला वर्णपटमापक घेऊन त्यांनी देवयानी दीर्घिकेतल्या वायूच्या ढगांचे वेग एकेक करून मोजले आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केले. गोफण फिरवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, की दगड जितका जोरात फिरवायचा तितकी दोरी घट्ट धरावी लागते, नाहीतर तो सुटतो. दीर्घिकेत दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटरने, कारण तिथवर सूर्याची ओढ क्षीण होत जाते. दीर्घिकेच्या कडेचे ढगही असेच मंदावलेले असणार, अशी अपेक्षा होती. ते मंदावलेले नव्हते. जिथे तारे विरळ होत संपत येतात तिथेही वेग उतरत नव्हता. रुबिन यांनी एकामागून एक दीर्घिका तपासल्या आणि तेच दिसत राहिलं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यावरही हायड्रोजन वायूच्या रेडिओलहरी टिपून लहान, बुटक्या दीर्घिकांचं फिरणं मोजलं गेलं आहे. पुण्याहून नाशिकला जाताना अनेकांनी त्या तबकड्या बघितल्या असतील. ‘न दिसणारं वजन’ मोजण्याचं काम तिथेही होतं.

पुराव्याची तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त पटते. दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेले, अशी एक जागा आकाशात आहे. तिला बुलेट क्लस्टर म्हणतात. अशा समूहांत ताऱ्यांपेक्षा वायूचं वस्तुमान जास्त असतं. टकरीत दोन्हीकडचा वायू एकमेकांत अडकला, तापला आणि मागे राहिला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने तो तापलेला वायू टिपला. वस्तुमान मात्र कुठे आहे हे गुरुत्वीय भिंगाने, म्हणजे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो यावरून शोधलं, तेव्हा ते वायूपाशी नव्हतंच. ते कशालाही न अडकता पुढे निघून गेलं होतं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. दोन प्रचंड ढग एकमेकांतून गेले आणि त्यांतलं हे न दिसणारं द्रव्य, ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात, ना वायूला अडलं, ना आपापसांत अडखळलं. ही ‘न अडकण्याची’ गोष्ट कृपया ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता तो पंच्याण्णव टक्क्यांचा आकडा. प्लांक उपग्रहाने विश्वाच्या बालपणातल्या प्रारणाचं जे मोजमाप केलं, त्यावरून विश्वाच्या एकूण हिशेबात आपल्या ओळखीचं द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा निघते. कृष्णऊर्जा हे द्रव्यच नव्हे. ती अवकाशात सगळीकडे सारखी पसरलेली आहे, तिचे ढीग होत नाहीत, तिला इकडेतिकडे नेता येत नाही. विश्वाचं प्रसरण वेग घेतं आहे, यातून तिचा माग लागला. एखाद्या वाड्यात ती जास्त आणि शेजारच्या घरात कमी, असं तिच्याबाबत म्हणताच येत नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो २७ टक्क्यांचा.

आणि हे २७ टक्के सबंध विश्वाची सरासरी आहे, आपल्या घरातला वाटा नव्हे. सूर्याच्या आसपास कृष्णद्रव्य किती दाट आहे याचे अंदाज ताऱ्यांच्या हालचालींवरून काढले आहेत. त्या हिशेबाने सबंध पृथ्वीच्या पोटात, तिच्या केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत, या क्षणी असलेलं कृष्णद्रव्य सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास भरतं. तुमच्या-माझ्या शरीराएवढ्या जागेत ते वीस-बावीस हजार प्रोटॉनांच्या वजनाइतकं असतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूचं वजन सुमारे साडेचौसष्ट हजार प्रोटॉनांइतकं आहे आणि एकेका तांबड्या पेशीत असे कोट्यवधी रेणू असतात. म्हणजे एका रेणूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं द्रव्य, तेही सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने जाणारं. आपल्यातून पार व्हायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा वेळ पुरतो. दीर्घिकेच्या विस्तारात याचा ढीग प्रचंड होतो, कारण दीर्घिका बव्हंशी रिकामी आहे आणि कृष्णद्रव्य त्या रिकामेपणातही आहे. आपण राहतो ती जागा मात्र नेहमीच्या अणूंनी खच्चून भरलेली आहे.

इथे हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘सरासरी सोडा, पण एखाद्या जागी त्याचा गोळा झाला असेल तर?’ बरं, धरून चालू. एखाद्या जुन्या वाड्याच्या माडीवर माणसाएवढं, सत्तर किलोचं कृष्णद्रव्य उभं आहे असं समजा. आता ते उभं तरी कशावर राहणार? आपण जमिनीवर उभे राहतो कारण आपल्या तळव्यातले अणू आणि फरशीतले अणू एकमेकांना आत घुसू देत नाहीत. हे सगळं विद्युतचुंबकीय बलाचं आणि इलेक्ट्रॉनांच्या स्वभावाचं काम आहे. कृष्णद्रव्याला ते बल लागू नाही, निदान इतकं क्षीण लागतं की आजवर कुठे जाणवलेलं नाही. प्रकाश हीसुद्धा त्याच बलाची करणी, म्हणूनच ते दिसत नाही. म्हणजे जे दिसत नाही ते फरशीवर टेकतही नाही. माडीवरून ते तळमजल्यावर, तळमजल्यातून जमिनीत आणि तिथून पृथ्वीच्या पोटातून पार होऊन सुमारे चाळीस मिनिटांत ग्रहाच्या पलीकडच्या बाजूला निघेल आणि पुन्हा परत पडायला लागेल. पिंपळावर बसणं, विहिरीच्या काठाशी उभं राहणं, उंबऱ्यावर अडणं यांतलं काहीही त्याला जमणार नाही.

आणि समजा ते कसंतरी तिथे टिकलंच. त्याच्याजवळ फक्त गुरुत्वाकर्षण आहे. एक मीटर अंतरावरच्या सत्तर किलो वस्तुमानाची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे दोनशे कोटीव्या हिश्श्याएवढी असते. इतकीच ओढ आत्ता शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची तुमच्यावर आहे. तिने पडदा हलत नाही, दिव्याची वात थरथरत नाही, भांडं वाजत नाही.

याहून खोल अडचण रचनेची आहे. भुताला चेहरा असतो, आवाज असतो, राग-लोभ असतात, कुणी छळलं ते आठवतं. आठवण ठेवायची तर कशात तरी ती कोरून ठेवावी लागते, आणि त्यासाठी रेणू लागतात, बंध लागतात, रसायन लागतं. रसायन म्हणजे पुन्हा विद्युतचुंबकीय बलच. आपल्या आकाशगंगेकडे पाहिलं तर हा फरक उघड दिसतो. नेहमीच्या वायूचे कण एकमेकांवर आदळले, प्रकाश आणि उष्णता बाहेर टाकत थंड झाले, खाली बसत गेले आणि त्यांची चपटी तबकडी झाली. तीत तारे झाले, ग्रह झाले, आपण झालो. कृष्णद्रव्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते तबकडीच्या भोवती फुगीर, विरळ गोळ्यासारखं पसरून राहिलं आहे. शेकडो कोटी वर्षं मिळूनही ज्याला खाली बसणं जमलं नाही, त्याच्यात ओळखीचा चेहरा कुठून घडेल?

सगळंच कृष्णद्रव्य असं निष्क्रिय असेल असं नाही. त्यातला थोडा भाग आपापसांत काही बलाने बांधला जात असेल, अशी कल्पना हार्वर्डच्या लिसा रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीरपणे मांडली होती. गैया उपग्रहाने ताऱ्यांच्या हालचाली बारकाईने मोजल्यावर तिला फारच थोडी जागा उरली. पण ती खरी निघाली असती तरी त्या द्रव्याचे व्यवहार त्याच्या त्याच्यातच राहिले असते. ज्याला आपल्या दाराची कडी वाजवायची आहे, त्याला आपल्या अणूंशी संबंध ठेवावाच लागेल.

हाच मुद्दा प्रयोगशाळांनी फार चिकाटीने तपासला आहे. अमेरिकेत साऊथ डकोटातल्या होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, दहा टन द्रवरूप झेनॉन भरलेली एक टाकी आहे. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा गोंगाट तिथवर पोचू नये म्हणून ती इतकी खोल. एखादा कृष्णद्रव्यकण झेनॉनच्या एखाद्या अणुकेंद्राला धडकला तर बारीकसा प्रकाश चमकावा आणि तो टाकीच्या वर-खाली बसवलेल्या डोळ्यांनी टिपावा, अशी रचना. २०२४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी तोवरचे सर्वांत संवेदनशील निष्कर्ष जाहीर केले. धडक सापडली नाही. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, चीनमध्ये जिनपिंगच्या डोंगराखाली असेच शोध चालू आहेत. आपल्याकडे झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत, साडेपाचशे मीटर खोलवर, २०१७ पासून अशी प्रयोगशाळा आहे. काहीच न सापडलेल्या या प्रयोगांनी आपल्याला एक पक्की गोष्ट सांगितली आहे. ज्या कणाला दाराची कडी हलवता येते, त्याला झेनॉनचा एक अणू हलवणं अजिबात अवघड नाही. तो कण असता तर या उपकरणांत पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला असता.

अदृश्य वस्तू सापडतच नाहीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी न्यूट्रिनोची कल्पना मांडली, तेव्हा तो कण कधी सापडेल याची त्यांनाच खात्री नव्हती. १९५६ मध्ये राइन्स आणि कोवन यांनी तो अणुभट्टीपाशी पकडला. आणि १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. जगात हे पहिल्यांदा टिपले गेले त्या ठिकाणांत आपलं कोलार आहे, आणि याचा मला फार अभिमान वाटतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सूर्याचे सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो जात असतात. या सभागृहातल्या प्रत्येकातून ते आत्ता जात आहेत. अदृश्य द्रव्य शरीरातून जातं तेव्हा काय वाटतं याचं उत्तर आपल्या प्रत्येकाजवळ आहे: काहीच वाटत नाही. न्यूट्रिनो हेच कृष्णद्रव्य असेल का, याचाही विचार रामनाथ कौसिक आणि मॅक्लेलंड यांनी १९७२-७३ मध्येच केला होता. न्यूट्रिनो फार हलके आणि फार वेगवान निघाले. त्यांनी दीर्घिका जमूच दिल्या नसत्या. एक उमेदवार हिशेबात बसला नाही, बाजूला ठेवला गेला.

आता थोडं इतिहासात जाऊ. विजेचं, चुंबकाचं, ईथरचं, चौथ्या मितीचं असं जे जे नवं अदृश्य पदार्थविज्ञानाने पुढे आणलं, तिथे तिथे कुणीतरी भुतांना राहायला जागा करून दिली आहे. आज पाळी कृष्णद्रव्याची आहे, एवढंच. यांतलं एक प्रकरण तपशिलाने सांगण्यासारखं आहे.

१७८० च्या सुमाराला पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर नावाचे वैद्य सांगत असत, की सबंध विश्वात एक सूक्ष्म, अदृश्य द्रव भरलेला आहे, तो ग्रहांना आणि प्राण्यांना जोडतो आणि त्याचा प्रवाह अडला की माणूस आजारी पडतो. ते स्पर्शाने, हातवाऱ्यांनी तो प्रवाह मोकळा करत. रोग्यांना झटके येत, घुमावं तसं होई, आणि कित्येकांना खरोखर बरं वाटे. १७८४ मध्ये राजाने समिती नेमली. तीत लाव्हाझिए होते, खगोलज्ञ बायी होते, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दुखण्याने बेजार झालेले बेंजामिन फ्रँकलिन होते. त्यांना हिंडता येईना म्हणून काही प्रयोग पासी इथल्या त्यांच्या घरीच झाले. मेस्मर यांच्या शिष्याने, देस्लों यांनी, बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात तो द्रव भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं. मुलगा देस्लों यांनीच निवडलेला, लवकर परिणाम होणारा म्हणून. त्याला एकेका झाडाला मिठी मारायला सांगितलं. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला आणि खोकला आला. पुढे पुढे त्रास वाढत गेला. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला आणि त्याला उचलून हिरवळीवर न्यावं लागलं. द्रव भरलेलं झाड तिथून बरंच लांब होतं. त्याला तो पोचलाच नव्हता.

या प्रयोगाचा मी वर्गात अनेकदा उल्लेख करतो, कारण त्यात कुणीही खोटं बोलत नाही. मुलाचा घाम खरा आहे, मूर्च्छा खरी आहे. देस्लों यांची श्रद्धा प्रामाणिक आहे. फक्त द्रव नाही. अंगात येणाऱ्या बाईकडे ‘ढोंग करते’ म्हणून बोट दाखवणारे माझे काही पुरोगामी मित्र आहेत. त्यांना मी हा मुलगा आठवायला सांगतो.

दुसरं उदाहरण सर ऑलिव्हर लॉज यांचं. रेडिओलहरींवर मोठं काम केलेला हा भौतिकशास्त्रज्ञ. ईथर नावाचं सर्वव्यापी माध्यम आहे आणि मेलेल्यांचं अस्तित्व त्यात टिकतं, अशी त्यांची धारणा होती. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांचा मुलगा रेमंड पहिल्या महायुद्धात मारला गेला. मृतांशी संपर्क साधून देतो म्हणणाऱ्यांकरवी त्याच्याशी बोलणं होतं अशा विश्वासाने पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्या नावाचं पुस्तक काढलं आणि युद्धात मुलं गमावलेल्या हजारो घरांत ते वाचलं गेलं. मायकेलसन आणि मोर्ली यांना १८८७ मध्येच ईथरचा वारा सापडला नव्हता, आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याची गरजच संपवली होती. पण पोरगा गेलेल्या बापाला ते माध्यम सोडवेना. लॉज यांना मूर्ख म्हणण्याची माझी हिंमत नाही. मात्र त्यांच्या चुकीतून दिसतं ते असं, की मनाला हवं असलेलं उत्तर आधी ठरलं की विज्ञानातलं कुठलंही अदृश्य त्याला टेकू म्हणून चालतं.

कृष्णद्रव्याची पद्धत याच्या उलट आहे. ते हवं म्हणून कुणी आणलं नाही. मोजमाप जुळेना म्हणून नाइलाजाने मान्य केलं. त्याने किती प्रकाश वाकवावा, दीर्घिका किती वेगाने फिरवावी, विश्वाच्या बालपणीच्या प्रारणात कुठे किती ठसा उमटवावा हे आकड्यांनी बांधलेलं आहे. आकडा चुकला तर ते रद्द होईल. रद्द होण्याची शक्यता खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. युरेनसच्या कक्षेतली चूक पाहून ल व्हेरिए यांनी अदृश्य ग्रह सांगितला आणि १८४६ मध्ये बर्लिनला गाले यांना नेपच्यून दिसला. त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतली चूक पाहून दुसरा अदृश्य ग्रह सांगितला, त्याला व्हल्कन हे नावही पडलं, आणि तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवलं की तिथे ग्रह नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा वेगळा आहे. भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिलग्रोम १९८३ पासून दीर्घिकांबद्दल तेच म्हणत आले आहेत. मला त्यांचं म्हणणं बुलेट क्लस्टरपुढे टिकेलसं वाटत नाही. पण ते जिंकले तरी वाड्यातल्या भुताला त्यातून काही मिळत नाही. मग तर न दिसणारं द्रव्यही हातचं जाईल.

आकडा चुकला तर दावा रद्द, ही अट अलौकिकाच्या दाव्याला घातली की काय होतं? जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जन्मपत्रिकांची परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या आणि कुठली कुणाची ते ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. उत्तरं देणाऱ्या २७ ज्योतिषांचं सरासरी यश ४६ टक्के आलं. नाणं उडवूनही सरासरी याहून कमी येत नाही. ग्रहांच्या अदृश्य किरणांबद्दल त्याआधी आणि त्यानंतर जे काही बोललं गेलं, त्यापेक्षा मला ही एक साधी परीक्षा मोलाची वाटते.

मग लोकांना येणारे अनुभव? ते मी खोटे मानत नाही. आपल्याकडचा चकवा घ्या. रात्री उशिरा माणूस माळावरून निघतो, वाट पायाखालची असते, तो चालत राहतो, चालत राहतो आणि पुन्हा त्याच बांधावर, त्याच झाडाखाली येतो. गावोगावी हे ऐकायला मिळतं आणि सांगणारी माणसं सरळ असतात. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचे यान सौमान आणि सहकारी यांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलं तेव्हा जंगलातली माणसं गोल फिरली, आपलीच आधीची वाट ओलांडून गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. वाळवंटात रात्री चालणारा माणूस चंद्र ढगाआड जाईपर्यंत सरळ होता, मग वळत गेला. डोळे बांधलेली माणसं कधीकधी वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरली. सरळ कुठे आहे याचा आपला अंदाज पावलागणिक किंचित ढळतो, आणि त्याला दुरुस्त करायला दूरची खूण लागते. अमावास्येच्या माळावर ती खूण नसते. चकवा लागला तर जागीच बसावं, उजाडायची वाट पाहावी, असं जुनी माणसं सांगत. हा सल्ला अगदी योग्य आहे. अनुभव खरा, उपाय खरा, फक्त चकवणारा तिथे कुणी नव्हता.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणं ही त्याहून नाजूक गोष्ट. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्यांना आपला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं. काहींना तो दिसला, काहींनी त्याचा आवाज ऐकला. बहुतेकांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि पुष्कळांना त्याचा आधार वाटला होता. ती माणसं वेडी नव्हती, भोळसट नव्हती. चाळीस-चाळीस वर्षं ज्याच्या पावलांची सवय झाली त्याची वाट मेंदू एका दिवसात बघायचं सोडत नाही. तुमच्या घरात कुणी आई-मावशी असं काही सांगत असेल तर कृपा करून तिला कृष्णद्रव्य समजावू नका आणि भगताकडेही नेऊ नका. ऐकून घ्या. ती घाबरली असेल, झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर डॉक्टरांकडे न्या.

भगताबद्दल हे बोलतो त्याला कारण आहे. नुसते मंत्र म्हणणारा आता मागे पडतो आहे. त्याच्या जागी ‘निगेटिव्ह एनर्जी’, ‘कॉस्मिक ऊर्जा’, ‘क्वांटम उपचार’ असं बोलणारा, पाटीवर विज्ञान लिहिणारा माणूस आला आहे आणि शिकलेल्या घरांत त्याला सहज प्रवेश मिळतो. कृष्णद्रव्याचं नाव घेतलं की पदवीधराचाही विरोध ढिला पडतो, म्हणून मला आज दीर्घिकांपासून सुरुवात करावी लागली. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात जे कष्ट उपसले त्याची किंमत २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांच्या प्राणांनी मोजली गेली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, चमत्काराच्या नावाने फसवणं हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्यासाठी पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे आणि तो अधिकारी निरीक्षकाच्या दर्जाखालचा नसावा, असंही लिहिलेलं आहे. आपल्या ठाण्यात तो कोण, हे उद्या सकाळी जाऊन विचारता येईल.